साउथ डाउन्स वे: बाबांना घेऊन जमेल का?

रेडिंगकर: मे महिन्यात दक्षिण इंग्लंडमधली साउथ डाउन्स वे ही टेकड्यांवरची पायवाट, विंचेस्टर ते ईस्टबर्न, चालायचा बेत आहे, शंभर मैल. सोबत बाबा, वय ६६, राजगड-तोरणा कोळून प्यायलेले. "टेकड्याच ना!" म्हणतात. चढ, पाणी, मुक्काम कसं काय?

दुर्गवेडी: काकांना सांगा, नुसत्या उंचीवरून अंदाज बांधू नका. वाटेवरची सगळ्यात उंच टेकडी बटसर हिल जेमतेम २७० मीटर, पण नदी आली की खाली उतरायचं आणि परत वर. टेकड्या खडूच्या, म्हणजे मऊ चुनखडीच्या; पाऊस पडला की वाट साबणासारखी होते, वर गारगोट्या. काठी घ्याच. खडूत पाणी मुरतं, त्यामुळे माथ्यावर झरा-ओढा शोधू नका. नळ आहेत, पण लांब लांब. मुक्काम खालच्या गावांत: ॲम्बर्ली, स्टेनिंग, आल्फ्रिस्टन. संध्याकाळी उतरा, सकाळी चढा. ही पायपीट शंभर मैलांत धरलेली नाही! आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस (पाद्र्यांचं जुनं घर) चुकवू नका. नॅशनल ट्रस्टनं (वारसा जपणारी तिथली संस्था) विकत घेतलेली ही पहिली वास्तू, १८९६ साली, दहा पौंडांना.

सह्याद्रीचा_पाहुणा: ब्रायटनच्या वरची छत्रीही बघा. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू-शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला. स्मारक १९२१ चं. मुख्य वाटेपासून थोडं बाजूला आहे, पण काकांना न्याच.

रेडिंगकर: आभार! बाबा विचारतायत, वर पिठलं-भाकरी मिळते का?

दुर्गवेडी: राजगड नव्हे हो तो! खालच्या पबमध्ये भाजलेला बटाटा मिळेल. ठेचा घरून न्या.