आधी खाच, मग भोक
स्पीकरच्या पेटीचे गोल भोक जिगसॉने (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने) कापून कानशीने घासावे, ही सूचना कामचलाऊ आहे. परंतु ड्रायव्हरची (स्पीकरच्या आवाज काढणाऱ्या गोल भागाची) कड फळीशी समपातळीत बसवायची असेल, तर राऊटरखाली (लाकूड कोरणाऱ्या यंत्राखाली) ६ मिलिमीटर प्लायची पट्टी लावून, तिच्यात खिळ्याचे केंद्र धरून केलेला घरगुती जिगच (राऊटर वर्तुळात फिरवणारा साचाच) हवा. त्रिज्या खिळ्याच्या मध्यापासून बिटच्या (राऊटरच्या फिरत्या पात्याच्या) बाहेरील कडेपर्यंत मोजावी. आतील कडेपर्यंत मोजल्यास भोकाचा व्यास बिटच्या व्यासाच्या दुप्पट इतका वाढतो. ड्रायव्हरची कड बसवायची उथळ खाच आधी आणि आरपार भोक नंतर कापावे, कारण क्रम उलटला की मधल्या तुकड्यासह खिळ्याचे केंद्रच गळून पडते आणि पुढचे सारे अंदाजपंचे! मुंबईच्या पावसाळ्यात एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) उघड्या कडा ओलावा शोषून फुगतात, म्हणून जिग मात्र मरीन (ओलावा सोसणाऱ्या) प्लायचाच करावा.