काजू फेणीच्या नोंदी ब्लॉकचेनवर: सार्वजनिक चेन की आपल्यापुरती? मदत हवी आहे

सत्तरीकर: शनिवारी आम्हा भट्टीवाल्यांची बैठक आहे, घाईत लिहितोय. बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की फेणी कुठल्या भट्टीची, कधी गाळलेली ते दिसावं, एवढंच हवंय. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो इथेरियमवर टाका, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या, जगभर प्रती असलेल्या सार्वजनिक वहीवर, नोंद कुणालाच बदलता येणार नाही. दुसरा म्हणतो हायपरलेजर फॅब्रिक, म्हणजे ठरावीक सभासदांपुरतीच खासगी चेन. पूर्ण विकेंद्रित, म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नाही असं ठेवून आम्हाला नेमकं काय मिळणार?

फोंडेकर: भट्ट्या किती? नोंद कोण टाकणार? दिवसाला किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चेनप्रेमी: डोळे मिटून इथेरियम. सप्टेंबर २०२२ पासून प्रूफ ऑफ स्टेकवर आहे, म्हणजे वीज खाणाऱ्या आकडेमोडीऐवजी ठेव ठेवणारे नोंदी पडताळतात, विजेचा प्रश्न मिटला. खासगी चेन म्हणजे ज्याचा सर्व्हर त्याची मर्जी.

पणजीचा कोडर: आणि प्रत्येक नोंदीची फी? गर्दी झाली की ती चढते. 'बदलता येत नाही' हेही जपून बोला. २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (तिथलं चलन) चोरीला गेले, तेव्हा ते परत मिळवायला बहुसंख्यांनी चेनच वळवली. ज्यांना पटलं नाही ते न वळवलेल्या जुन्या चेनवर, इथेरियम क्लासिकवर राहिले.

चेनप्रेमी: जगासमोर भांडून वळवली! खासगीत कळलं तरी असतं का? रोनिन या गेमसाठीच्या चेनमध्ये व्यवहार पडताळणारे फक्त ९ होते. २०२२ मध्ये त्यातल्या ५ जणांच्या सही करायच्या गुप्त डिजिटल चाव्या चोरांना मिळाल्या आणि ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली.

म्हापशेकर: क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर १ टक्का टीडीएस. आधी सीएला विचारा.

सत्तरीकर: कॉइन कुणाला घ्यायचंय? भट्ट्या ७. हंगाम तीन महिन्यांचा, दिवसाला चाळीसेक नोंदी. गेल्या वर्षी एकाने बाहेरचं स्पिरिट मिसळल्याचा संशय आला, तेव्हापासून वही कुणाच्या घरी ठेवायची यावरच अडलंय.

फोंडेकर: सत्तरीकरबाब, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! एकमेकांवर भरवसा नसेल तर सामायिक वहीला अर्थ आहे. पण बाटलीत काय भरलं ते चेनला कळत नाही. खोटी नोंद टाकली तर ती खोटीच पक्की होते. बोंडू (काजूचं फळ) किती, नीरो (त्याचा रस) किती, त्यातून फेणी किती, तिन्ही लिहा. बाहेरचं मिसळलं की हा मेळ बिघडतो. नीरो मोजताना दुसऱ्या भट्टीवाल्याची सही घ्या.

जुना मडगावकर: हे जमिनीच्या कागदांना आधी करायला हवं. बनावट कागदांवर जमिनी लाटल्या म्हणून २०२२ मध्ये एसआयटी नेमावी लागली.

पणजीचा कोडर: तिथेही तेच, खोटा कागद चढवला तर चेन काय करणार? सत्तरीकर, चाळीस नोंदींना फॅब्रिकचा पसारा नको. साधा डेटाबेस, सातही जणांकडे प्रत, आणि दिवसाच्या नोंदींचा एकच हॅश (नोंदींवरून निघणारा छोटा ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) सार्वजनिक चेनवर. फी एकाच व्यवहाराची.

सत्तरीकर: हे समजलं. पण आमच्यातले एक काका सत्तर वर्षांचे, फोन नातवाकडे असतो. नोंदीवर सही करायची चावी हरवली तर?

पणजीचा कोडर: सातांपैकी चौघांच्या सहीने नवी चावी द्यायची.

चेनप्रेमी: म्हणजे परत नऊतल्या पाचांचीच गोष्ट! चौघे एक झाले तर?

पणजीचा कोडर: झाले तर पुढच्या नोंदी बिघडवतील, हा धोका खराच. मागच्या मात्र बदलल्या की चेनवरच्या हॅशशी जुळणार नाहीत.

सत्तरीकर: चालेल, हेच मांडतो. हॅश टाकायचं काम आळीपाळीने दिलं तर?

फोंडेकर: द्या. फक्त टाकल्यावर सगळ्यांच्या ग्रुपवर पाठवायला लावा, म्हणजे एखादा विसरला तर त्याच संध्याकाळी कळेल. आणि नीरोची सही विसरू नका.