२२ महिन्यांचा मुलगा मोजकंच बोलतो. घरी मराठी, शेजारी कन्नड, दिवसभर मागाचा आवाज. किती वाट बघू?

वडगावची सून

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. माहेर कऱ्हाडकडचं, लग्नाला चार वर्षं झाली तरी माझं कन्नड 'गोत्तिल्ला'च्या (माहीत नाही) पुढं गेलेलं नाही.

मुलगा २२ महिन्यांचा आहे. चौदाव्या महिन्यात चालायला लागला. आता स्टूल ओढत नेतो, त्यावर चढून मिठाचा डबा काढतो आणि मीठ आजोबांच्या चपलेत भरतो. म्हणजे डोकं चालतंय. पण बोलायचं नाव नाही. 'आई', 'आजा', 'दुद्दू', 'भू', 'काऊ'. संपलं. बाकी दिवसभर 'ब्या ब्या' चालू. बॅट मागतोय असं वाटून गणपत गल्लीतून प्लास्टिकची बॅट आणली. हातात दिली की फेकून देतो आणि दुप्पट रडतो.

खाली दोन पॉवरलूम आहेत. सकाळी आठला सुरू होतात ते रात्री आठपर्यंत. करंट गेला तरच शांतता. आम्ही सगळे इतक्या मोठ्यानं बोलतो की माहेरी गेले की आई विचारते, भांडतेस का माझ्याशी? हा मात्र त्या खटखटीत गाढ झोपतो, आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठतो. म्हणून कान शाबूत आहेत असं सासूबाई म्हणतात.

मी घरात पिको-फॉलचं काम घेते. तेव्हा चार-पाच तास तो पलीकडच्या आजींकडं, अव्वांकडं असतो. त्यांना कन्नडच येतं. नणंद म्हणते, अव्वांकडं ठेवू नको, दोन भाषांनी पोराच्या डोक्यात काला होतो. जेवताना मोबाईल लागतो, खोटं कशाला सांगू. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलतं असं वाचलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. थांबू की दाखवू?

उचगावकर

मुलगे उशिराच बोलतात. आमचा थोरला तीन वर्षांनी बोलला, आता गप्प बसवावं लागतं. वेखंड उगाळून जिभेला लावा. आणि मराठी घरातलं पोर आहे, मराठीच कानावर पडू दे. शाळेत गेल्यावर कन्नड आहेच की डोक्यावर.

निपाणीच्या बाई

उचगावकर, तुमचा थोरला बोलला हे चांगलंच झालं, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्याचं पोर ठेवू नका.

सूनबाई, तो बॅट मागत नाही हो. 'ब्याड' म्हणतोय. आपल्या इकडच्या कन्नडात 'नको'. आठवून बघा, ब्या ब्या कधी चालतं? घास पुढं केला की? अंघोळीला नेलं की? पोर नको नको म्हणतंय आणि तुम्ही हातात बॅट देताय. मीही फेकली असती.

मी धारवाडला गृहविज्ञान शिकले, बालविकास विषय घेऊन, आणि मग ३१ वर्षं निपाणी भागात अंगणवाड्यांत काढली. बिडी वळणाऱ्या बायकांची पोरं. आई सूप मांडीवर घेऊन बसली की पोर माझ्या मांडीवर. मूल कसं वाढतं ते सांगणारे दोन मानसशास्त्रज्ञ, पियाजे आणि एरिकसन. पियाजेचे चार टप्पे, एरिकसनचे आठ, सगळे परीक्षेला पाठ केले होते. पियाजे म्हणतो, जन्मापासून दोन वर्षं मूल हातानं-तोंडानं जग चाचपतं, दोन ते सात शब्द आणि सोंगं येतात पण तर्क कच्चा, सात ते अकरा डोळ्यांपुढच्या वस्तूंचा हिशेब पक्का होतो, त्यानंतर मनातल्या मनातला. हे सगळं खरंच आहे. पण अंगणवाडीत एकदा वाटीतलं ताक उंच पेल्यात ओतून साडेचार वर्षांच्या पोरीला विचारलं, जास्त कशात? "पेल्यात." परत वाटीत ओतलं, परत पेल्यात. तरी पेल्यातच. तिला न्यायला आलेली बहीण दुसरीतली, ती तोंडावर हात ठेवून हसत होती. त्याच धाकटीपुढं शेंगदाणे आधी जवळजवळ आणि मग लांब लांब मांडले, तर म्हणाली, "तेवढेच की!" एकाच मुलीचा एक पाय या टप्प्यात, एक त्या. टप्प्याची पाटी गळ्यात अडकवून कोणी येत नाही.

या पियाजेची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तरुणपणी तो पॅरिसला मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करत होता. त्यानं बरोबर उत्तरं मोजायची सोडून चुकांकडं बघितलं, तर एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. म्हणजे चुकीलाही काही हिशेब असतो. पुढं स्वतःच्या तीन पोरांच्या वह्याच्या वह्या लिहिल्या त्यानं. तुमच्या 'ब्या'चं तेच आहे.

महिन्यांचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेनं भारत धरून पाच देशांतली निरोगी मुलं बघितली आणि २००६ साली आकडे काढले. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढी रुंद वाट आहे बघा. काही मुलं तर रांगलीच नाहीत, थेट उठून चालली. आपल्याकडं बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी इथल्याच बाळांवरून एक ते तीस महिन्यांची मापं बसवली, १९७० ची गोष्ट. आम्हाला तीच शिकवली होती. पण वाट रुंद आहे म्हणून ती संपतच नाही असं नव्हे. दोन वर्षांना साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडी, हे दिसलं नाही तर दाखवायचं. तुम्हाला दोन महिने थांबायचीही गरज नाही, कारण तुमच्याकडं माग आहेत.

माग थांबले की उठतो ही कानाची परीक्षा नव्हे. माग चालतात तेव्हा फरशी थरथरते, अंथरूण थरथरतं. थरथर थांबलेली पाठीलाही कळते. ताट आपटूनही बघू नका. जाड आवाज ऐकणारं मूलसुद्धा स, श, फ असे बारीक आवाज गमावत असू शकतं, आणि बोलणं तिथंच अडतं. सरकारी योजनेत (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य, २०१३ पासून) अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या दवाखान्याला चिठ्ठी घ्या, कान तपासून या. वेखंडानं कान तपासला जात नाही.

आणि अव्वांकडं वही-पेन घेऊन बसा. तो काय काय म्हणतो ते त्या सांगतील, तुम्ही लिहा. दोन्ही भाषांचे शब्द एकाच बेरजेत धरायचे.

लोंढा पॅसेंजर

कानाबद्दल बाई म्हणतात ते मनावर घ्या. मी खानापूर तालुक्यातला. मुलगी दोन वर्षांची असताना एका डॉक्टरांना दाखवली. त्यांनी पाठीमागून टाळी वाजवली, तिनं वळून बघितलं, झालं. "तीन वर्षांपर्यंत थांबा." आम्ही थांबलो. नंतर कळलं की समोर बसलेल्या बायकोनं टाळीकडं बघितलं, म्हणून पोरगी वळली होती.

मग बेरा तपासणी, म्हणजे डोक्याला वायरी लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. त्यात मूल झोपलेलं लागतं. पहाटे चारला उठवून तिला जागं ठेवा म्हणाले. ठेवलं. बेळगावच्या बसमध्ये खिडकीशी वारा लागला, पोरगी गार झोपली ती स्टँडवर उतरेपर्यंत. तपासणीच्या खोलीत टक्क जागी, वायरींशी खेळतेय. औषध देऊनही झोपली नाही. दुसऱ्या खेपेला मी पूर्ण रस्ता तिला खांद्यावर घेऊन उभा राहिलो आणि जे येईल ते गाणं म्हटलं, कंडक्टरनं तिकिटाचे पैसे सोडून बाकी सगळं विचारलं.

दोन्ही कानांना मध्यम दोष निघाला. बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपाय सहाव्यापर्यंत असं असायला हवं, आणि आम्ही ऐकायचं मशीन बसवलं ४० व्या महिन्यात. मशीन लावून घरी आणली, कुकरची शिट्टी झाली तर रडली. मग चालताना थांबली, खाली बघितलं, परत दोन पावलं टाकली, परत थांबली. पायात पैंजण होते. दोन वर्षं घालत होती. त्या संध्याकाळी तिनं पाय आपटून आपटून घर डोक्यावर घेतलं.

आता सहावीत आहे. मराठी बोलते, कन्नड बोलते, उलट उत्तरं दोन्हीत देते.

टिळकवाडी ८८

ते कानाचं ठीक, पण घरी एकच भाषा ठेवा असं आम्हालाही सांगितलं गेलं होतं. दोन भाषांनी मुलं मागं पडतात हे सगळेच म्हणतात.

निपाणीच्या बाई

सगळेच म्हणतात, पण अभ्यासात तसं सापडत नाही. दोन भाषांतली मुलं प्रत्येक भाषेत थोडे कमी शब्द दाखवतात कारण शब्द वाटले गेलेले असतात. बेरीज करा, भरून निघते. एखादं मूल खरंच मागं असेल तर कारण दुसरं शोधायचं. भाषेवर ढकललं की ते कारण दबून राहतं, माझा राग त्यावर आहे.

गोंधळाचं म्हणाल तर १९८४ सालचा कॅनडातला एक प्रयोग आहे. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. बाळांना फरक कळला! इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना कळत नव्हता. वर्षाच्या आसपासच्या बाळांमधून मात्र तो गेला, कारण घरात कोणी वापरत नव्हतं. पोराचे कान सगळ्या दुनियेसाठी उघडे असतात, आपण जे बोलतो तेवढ्यापुरते ते उरतात. अव्वा फुकटात एक भाषा देताहेत.

मोबाईल मात्र देत नाही. अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले होते. समोर बसलेल्या बाईकडून शिकली, पडद्यावरच्या त्याच बाईकडून काही नाही. त्यापेक्षा करंट गेला की त्याला समोर बसवून तोंड दिसेल असं बोला. रोज जातोच की.

वडगावची सून

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

वही घेऊन अव्वांकडं बसले. सासूबाईही आल्या, नणंदेला सांगू नको म्हणाल्या. अव्वांनी बोटांवर मोजून दाखवलं. बा, हाल, नीर, नाई, अव्वा... ११ शब्द. 'अव्वा' सोडला तर मला यातला एकही माहीत नव्हता. 'नाई' म्हणजे कुत्रा आहे! मी समजत होते 'नाही' म्हणतोय. माझ्या बाजूचे नीट मोजले तर ९. आणि ब्याड म्हणजे ब्याडच. आता मी घास मागं घेतला की माझ्याकडं असा बघतो, जसं मला आत्ताच अक्कल आली.

कान तपासले. डावा चांगला, उजव्या कानाच्या पडद्यामागं पाणी साठलंय म्हणाले. सर्दी त्याला सारखी असतेच. औषध दिलंय, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, पण बघायला पाहिजे असं सांगितलं. बोलण्याचं शिकवणाऱ्या ताईही भेटल्या. वीस शब्द कमीच आहेत, सोडू नका म्हणाल्या. मागाची वेळ बदलता येत नाही, पण पाळणा वरच्या खोलीत नेलाय आणि जेवताना मोबाईल बंद केलाय. पहिले चार दिवस घरात कोणीच नीट जेवलं नाही.

एक विचारायचं होतं. कालपासून दुधाचा पेला रिकामा झाला की 'दुद्दुइन्ना दुद्दुइन्ना' करतो. अव्वा लेकीकडं गोकाकला गेल्यात, कोणाला विचारू? हा कुठला शब्द?

निपाणीच्या बाई

अहो, तो एक शब्द नाही. 'दुद्दू' तुमचं, 'इन्ना' अव्वांचं. इन्ना म्हणजे आणखी. आधी दूध द्या त्याला, मग वहीत लिहा.