टिक्ससाठी अँटिसायकोटिक गोळी, मुलाला द्यावी का?

भांडुपची_आई:
लेक चौथीत आहे. आधी नुसते डोळे मिचकावायचा, आता मान झटकतो, घशातून आवाजही काढतो. वर्षाहून जास्त झालं. टुरेट आहे म्हणाले, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाजांचा (टिक्सचा) विकार. डॉक्टरांनी अ‍ॅरिपिप्राझोल हे अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारांवर देतात ते औषध, २ मिलिग्रॅम लिहून दिलं. केमिस्टने विचारलं, "हे तर स्किझोफ्रेनियाला देतात, मुलासाठीच ना?" तेव्हापासून गोळ्या कपाटात तशाच आहेत. सासूबाई म्हणतात, ओरडलं की थांबेल. कोणी दिलीय का?

लालबागचा_निखिल:
ताई, मला स्वतःला टुरेट आहे. सासूबाईंना एवढंच सांगा, ओरडल्याने टिक्स वाढतात. शिंकेसारखं आहे ते, थोडा वेळ दाबता येतं, मग येतंच. मी शाळेत दाबून ठेवायचो आणि घरी आल्यावर सगळं बाहेर पडायचं. आईला वाटायचं, मुद्दाम करतो.

गोळी वेडाची वगैरे काही नाही. टिक्समध्ये मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा संबंध असतो, ही औषधं तिथेच काम करतात. अमेरिकेत २०१४ मध्ये ६ ते १८ वयाच्या टुरेटच्या मुलांसाठी अ‍ॅरिपिप्राझोलला मंजुरी मिळाली. मला त्याआधीचं जुनं हॅलोपेरिडॉल होतं. टिक्स बसल्या, पण वर्गात पेंग यायची, खेळायला उतरावंसंच वाटेना. पुढे औषध बदललं तेव्हा माणसात आलो.

पण मुलाला विचारलंत का, त्याला त्रास होतो का? मान दुखते का, मुलं चिडवतात का? बघणाऱ्यांना खटकतं एवढ्यासाठी गोळी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पुष्कळांच्या टिक्स दहा-बारा वर्षांच्या आसपास जास्त असतात, मोठेपणी कमी होतात.

मुलुंड_वेस्ट:
आमच्या मुलीला रिस्पेरिडोन हे याच प्रकारचं औषध होतं. भूक इतकी वाढली की डबा संपवून मैत्रिणीचाही खायची. वजन, साखर, कोलेस्टेरॉल आधी तपासून घ्या, नंतरही अधूनमधून. अस्वस्थपणा किंवा अंग आखडणं दिसलं तर लगेच कळवा. आणि मनाने एकदम बंद करू नका. आधी क्लोनिडिन (हे अँटिसायकोटिक नाही) किंवा हॅबिट रिव्हर्सलचं ट्रेनिंग चालेल का, हेही विचारा. त्यात टिक येण्याआधीची जाणीव ओळखून दुसरी हालचाल करायला शिकवतात.

भांडुपची_आई:
रात्री विचारलं त्याला. म्हणाला, मान दुखते, आणि कविता म्हणताना आवाज आला की मुलं हसतात. मला हे माहीतच नव्हतं. शनिवारी डॉक्टरांकडे जातेय, ट्रेनिंगचं आणि तपासण्यांचं लिहून घेतलंय.

लालबागचा_निखिल:
वर्गशिक्षिकांशीही बोला. माझ्या बाईंनी मला मधेच उठून बाहेर जाऊन यायची मुभा दिली होती, त्याचा फार उपयोग झाला.