छळ झाला हे खरं, पण बळी कोण निवडले?

काही जण म्हणतात की शाळेत गोळीबार करणारी मुलं छळाने पिचलेली असतात, त्यात उजवी विचारसरणी शोधणं म्हणजे ओढूनताणून राजकारण. मला हे अजिबात पटत नाही.

जर्मनीतल्या म्युनिकचंच बघा. २२ जुलै २०१६ ला १८ वर्षांच्या मुलाने एका मॉलपाशी नऊ जणांना मारलं. बहुतेक जण स्थलांतरित कुटुंबांतले, त्यातही कोवळी पोरं जास्त. तारीख नेमकी नॉर्वेतल्या उटोया बेटावर उजव्या अतिरेक्याने केलेल्या हत्याकांडाची, पाच वर्षांनंतरची. शाळेत त्याचा छळ झाला होता, ते कोणी नाकारत नाही. पण छळ तर असंख्य मुलांचा होतो! तरी बव्हेरियाच्या (म्युनिक याच राज्यात येतं) पोलिसांनी 'सूड' हेच कारण धरून ठेवलं आणि उजव्या अतिरेकाची नोंद केली ती थेट ऑक्टोबर २०१९ मध्ये.

तिथे गिंको झाडाभोवती स्मारकाचं एक कडं आहे, नऊ चेहऱ्यांचं. त्यावर आधी 'माथेफिरू हल्ल्याचे बळी' अशा अर्थाचा मजकूर होता. तो बदलून 'वंशद्वेषी हल्ल्याचे बळी' व्हायला २०२० उजाडलं. आईबापांनी जवळपास तीन वर्षं तो चुकीचा शब्द वाचला.

आणि मधल्या काळात, डिसेंबर २०१७ ला, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अ‍ॅझ्टेक गावी एका माजी विद्यार्थ्याने शाळेत घुसून दोन मुलांना मारलं. तो आणि म्युनिकचा मारेकरी निर्वासितांचा द्वेष करणाऱ्या एकाच ऑनलाइन गटात होते. म्युनिकच्या कागदांवर तेव्हाही 'सूड'च लिहिलेलं होतं.