लिंक्डइनवरची कमेंट अंगाशी आली, काय करू?

मदत हवी आहे. हिंजवडीत एका आयटी कंपनीत सहा वर्षं आहे. नारायण मूर्ती 2023 मध्ये आठवड्याला 70 तास कामाबद्दल बोलले होते, त्यावरची कुणाची तरी पोस्ट परवा लिंक्डइनवर दिसली. रात्री साडेअकराला क्लायंट कॉल संपवून मी खाली लिहिलं, "70 तास आत्ताच भरतोय, टाइमशीटवर मात्र 45च दाखवायला सांगतात." कंपनीचं नाव घेतलं नव्हतं. पण प्रोफाइलवर माझ्या नावाखालीच ते आहे, हे डोक्यातच आलं नाही!

सकाळी मॅनेजरचा मेसेज: "जरा बोलूया." एचआरकडे स्क्रीनशॉट पोचला होता. लेखी काही नाही, फक्त "सोशल मीडिया पॉलिसी वाचा". कमेंट काढली, पण स्क्रीनशॉटचं काय?

अप्रेझल पुढच्या महिन्यात, नोटीस पिरियड 90 दिवसांचा. आपणहून लेखी खुलासा द्यावा की गप्प बसावं? लिंक्डइनवरची 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतोय) ही खूण फक्त रिक्रूटर्सना दिसेल अशी ठेवली, तरी आपल्या कंपनीला कळणार नाही याची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही. कुणी यातून गेलंय का? "कशाला लिहायचं होतं" हे बायकोचं बोलून झालंय, ते सोडून सांगा.