मदत हवी आहे: खाण्याच्या सवयी सगळ्या घराच्याच बदलायच्या आहेत, एकट्या ह्यांच्या नाही (इंदूर)

नमस्कार. आम्ही इंदूरचे, चार पिढ्या इथेच. घरात सासूबाई, हे, मी आणि चौदा वर्षांचा मुलगा. दिवाळीनंतर ह्यांचं रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.१ निघालं. म्हणजे मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ हा जो उंबरठा म्हणतात, त्यावर उभे आहेत. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. खाणं सुधारा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले.

मी घाबरले आणि दुसऱ्याच दिवसापासून ह्यांचा स्वयंपाक वेगळा केला. आम्हाला पोहे, ह्यांना दलिया. आम्हाला फोडणीची भाजी, ह्यांना उकडलेली. अकरा दिवस निभलं. बाराव्या दिवशी मुलाने जेवताना विचारलं, "बाबा खूप आजारी आहेत का?" ह्यांनी ताट बाजूला सारलं. पुढे घरी निमूट दलिया आणि दुकानात कचोरी सुरू झाली. बाहीवरच्या चिंचेच्या चटणीच्या डागावरून मला ते कळलं. माझं चुकलंच. घरात एकालाच पथ्याचं ताट वाढलं की तो माणूस पंगतीतून उठवल्यासारखा होतो.

आता सगळ्यांसाठी एकच रांधते. आधी तेल मोजलं. महिन्याला ५ लिटर लागत होतं, म्हणजे साडेचार किलोच्या वर. चौघांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या आहाराला २७ ग्रॅम दिलंय. शिवाय माझ्या हिशेबात बाहेरची सेव, कचोरी, थंडीतला तळलेला गराडू (आमच्याकडचा कंद) धरलेलाच नाही! फोडणीला बुधलीतून ओतायचं बंद केलं, चमच्याने घालते. पाच लिटरचे साडेतीन झाले आणि चवीत कोणाला फरक कळला नाही.

सेवेचं जास्त अवघड गेलं. आमच्याकडे सेवेचा स्टीलचा डबा टेबलावरच असायचा. पोह्यांवर सेव, वरणभातावर सेव, भाजी कमी पडली तर सेव. इंदुरात ज्यांचं घर आहे त्यांना सांगायला नको. डबा फडताळात वर ठेवला आणि सकाळी एका छोट्या वाटीत सगळ्यांची सेव काढते. वाटी संपली की संपली. तेवढ्यानेच आठवड्याला अर्धा किलोची पाव किलो झाली. पोहे आम्ही वाफेवरचेच करतो, त्यात आता पोहे कमी आणि मटार, मोडाचे मूग जास्त. वरून जिरावण मसाला, कांदा, लिंबू आहेच. जिलबी फक्त रविवारी. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर, मग पोळी. भाजी आधी पोटात गेली की साखर सावकाश चढते, असं डॉक्टरांनीच समजावलं होतं.

अडलंय ते दोन ठिकाणी.

ह्यांचं कापडाचं दुकान राजवाड्याजवळ आहे, घरी यायला साडेनऊ होतात. सहाच्या चहाबरोबर कचोरी येते ती भुकेपोटी, हौसेने नाही. त्या वेळेला डब्यात काय द्यावं?

दुसरं सासूबाईंचं. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. लेकाला स्वतः वाढतात आणि तो नको म्हणाला की त्यांचा चेहरा उतरतो. त्यांचा वाढण्याचा हात मला थांबवायचा नाही. कोणाच्या घरी असं होतं का? तुम्ही काय केलंत?

भर, आठ दिवसांनंतर: सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाढू द्या, फक्त त्यांच्या हातात भाताऐवजी भाजीचं पातेलं द्या, हे ज्या ताईंनी सुचवलं त्यांना नमस्कार. परवा मेथीची पातळ भाजी त्यांनी ह्यांना तीनदा वाढली आणि हे तीनदा जेवले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. एकीने विचारलं होतं, त्यांना रक्तदाब आहे का. आहे. म्हणून मिठाचंही बघतेय; दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि पापड-लोणच्यातलंही त्यातच आलं.

डब्यात उकडलेले चणे कांदा-लिंबू घालून आणि एक पेरू देते. आधी एकट्यापुरता दिला तर तसाच परत आला. दुकानातल्या दोघा मुलांपुरताही द्यायला लागले तेव्हापासून रिकामा येतो. चौघेपाचजण मिळून चहा घेतात, तिथे एकट्याने डबा उघडायला ह्यांना नको वाटत होतं.

तपासणी फेब्रुवारीच्या शेवटी आहे, आकडा इथेच कळवीन. तोवर एक सांगा: आत्ता थंडी आहे म्हणून उकडलेले चणे संध्याकाळपर्यंत चांगले राहतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाला भरलेल्या डब्यात सहापर्यंत न आंबणारं, भाजलेल्या फुटाण्या-शेंगदाण्यांशिवाय, आणखी काय देता येईल?